कासिनोची एक दिवसाची युद्धभूमी टूर: साडेतीन स्टार, पण आपला स्टॉप मागून घ्या

एप्रिलच्या शेवटी आम्ही इटलीला गेलो होतो, मी, बायको, पोरगी आणि आमचे आबा. रोममध्ये एक दिवस मोकळा होता. बायको म्हणाली पॉम्पेई करू, मी म्हटलं कासिनो, म्हणजे रोमच्या दक्षिणेचं ते गाव जिथं १९४४ मध्ये दोस्त राष्ट्रांची फौज आणि जर्मन यांच्यात मोठी लढाई झाली. आबांनी आयुष्यात पहिल्यांदा कुठल्यातरी ट्रिपमध्ये स्वतःहून मत दिलं, "कासिनोच." विषय संपला.

कारण सांगतो म्हणजे रिव्ह्यूला अर्थ येईल. आबांचे चुलते दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीत होते, इटलीत लढून जिवंत परत आले. गावात त्यांना इटलीवाले तात्या म्हणायचे. पण तात्या कधी काही बोललेच नाहीत, विचारलं की म्हणायचे "लय थंडी होती आणि खेचरं होती", बस. आमच्याकडं शिरोळ तालुक्यात सैनिक टाकळीसारखी गावं आहेत, घरटी कोणतरी फौजेत, त्यामुळं असल्या गप्प बसणाऱ्या म्हाताऱ्यांची आम्हाला सवय आहे. पण आबांच्या डोक्यात ते राहिलं होतं.

तर टूर. रोम टर्मिनीवरून कासिनोला साधी ट्रेन जाते, दीड-दोन तास धरून चाला. स्टेशनवर गाडी घ्यायला येते, ड्रायव्हर आणि गाईड एकच माणूस, साडेनऊ ते पाच. आम्ही चौघांचे मिळून ३२० युरो दिले, जेवण वेगळं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण दोन तक्रारी आहेत आणि त्या मी त्यांना मेलवर कळवल्यात, इथं बोंब मारायची नाही. मी बघितलेल्या तीन-चार जणांचे प्रोग्रॅम तसेही सारखेच होते.

पहिली तक्रार लगेच सांगून टाकतो. गाडी पंचेचाळीस मिनिटं उशिरा आली. फोन उचलला नाही, मेसेजला "फाइव्ह मिनिट्स" असा रिप्लाय तीन वेळा आला. आपल्याकडच्या "आलोच, पोचलोच" सारखं. पोरगी वैतागली, आबा मात्र बाकावर निवांत बसून शेंगदाण्याची चटणी आणि ब्रेड खात होते.

गाईड आला, सॉरी म्हणाला, आणि गाडीत बसायच्या आधीच म्हणाला की तुम्ही जिथं उभे आहात ना तिथूनच सुरू करू. मला वाटलं उशीर झाकतोय. पण खरंच, हे कासिनोचं रेल्वे स्टेशन म्हणजेच एक लढाई आहे. १९४४ च्या फेब्रुवारीत, १७ तारखेच्या रात्री न्यूझीलंडची २८ वी माओरी बटालियन याच स्टेशनवर चालून आली होती. दोनशेच्या आसपास माणसं पुढं, मागं रस्ता पाण्याखाली आणि सुरुंगांनी भरलेला, इंजिनियरांनी रात्रभर भराव दुरुस्त करायचा म्हणजे रणगाडे येतील असा प्लॅन. थोडक्यात राहिलं, उजाडलं, रणगाडे आलेच नाहीत. दुपारी जर्मन रणगाडे आले. निम्म्याहून जास्त माणसं गेली किंवा जखमी झाली. आणि त्याच रात्री वर डोंगरात आपली चौथी इंडियन डिव्हिजन चढत होती, त्यात गुरखे, राजपुताना रायफल्स, पंजाबी, आणि त्यांच्याच ब्रिगेडमध्ये इंग्लंडच्या ससेक्सची पोरं. म्हणजे खाली माओरी आणि वर आपले, एकाच हल्ल्याची दोन टोकं, आणि दोन्हीकडं जमलं नाही.

मला हे काहीच माहीत नव्हतं. मी बॅगेची चेन लावत ऐकत होतो ती चेन अर्धवटच राहिली.

मग दुसरी तक्रार समोर आली. गाडीत छापील प्रोग्रॅम दिला. मठ, पोलिश दफनभूमी, गावात जेवण, अस्वलाचा पुतळा, वाइन टेस्टिंग. कॉमनवेल्थची दफनभूमी नाही, गारी नदी नाही, इंडियन हा शब्दच नाही. मी म्हटलं, अहो आम्ही भारतातून आलोय. तो म्हणाला, हो, पण भारतीय लोक बहुतेक मठ बघायला येतात, मागितलं तर नेतो. मागितलं तर! पुण्यात टॅक्सीवाल्याला एसी लाव म्हणावं लागतं तसं. तर माझा पहिला आणि सगळ्यात महत्त्वाचा सल्ला हाच की बुकिंग करतानाच लिहून मागा. आम्ही वाइन टेस्टिंग काढून नदी आणि दफनभूमी घातली, जादा पैसे घेतले नाहीत, हे त्याच्या बाजूनं सांगायला पाहिजे.

गारी नदी. आता आम्ही कोल्हापूरची माणसं, नदी म्हटलं की पंचगंगा आणि तिचा पूर डोळ्यासमोर. ही बघितल्यावर पोरगी म्हणाली हा तर ओढा आहे. खरंच अरुंद, पण पाणी स्वच्छ, गार आणि असलं जोरात वाहतंय की कडेला उभं राहिलं तरी पायाखालून ओढल्यासारखं वाटतं. जानेवारीत अमेरिकेच्या ३६ व्या टेक्सास डिव्हिजननं इथंच ओलांडायचा प्रयत्न केला आणि दोन दिवसांत मेलेले, जखमी आणि पकडलेले मिळून सतराशेच्या आसपास माणसं गमावली. त्याच नदीवर ११ मेच्या रात्री अकराला सोळाशेच्या आसपास तोफा एकदम सुरू झाल्या आणि आठवी इंडियन डिव्हिजन होड्या घेऊन पाण्यात उतरली.

इथं गाईडनं जे केलं त्यासाठी एक स्टार जास्त. त्यानं खिशातून दोन माचिसच्या डब्या आणि एक पॉप्सिकलची काडी काढली आणि पूल कसा टाकला ते गाडीच्या बॉनेटवर दाखवलं. समोर मशीनगन चालू, नदीवर निवांत पूल बांधायला कोण देणार. तर कॅनडाच्या कॅलगरी रेजिमेंटचा कॅप्टन टोनी किंग्समिल, त्यानं आयडिया काढली की बेली ब्रिज (तयार लोखंडी तुकडे जोडून करायचा पूल) काठावरच जोडून घ्यायचा, बुरूज काढलेल्या एका रणगाड्यावर ठेवायचा, मागं दुसरा रणगाडा आधाराला, आणि पुढचा रणगाडा सरळ नदीत घालायचा. तो बुडतो, त्याच्या पाठीवरून पूल पलीकडं सरकतो. ड्रायव्हर बुडत्या रणगाड्यातून बाहेर पडतो. किंग्समिल स्वतः यात जखमी झाला. पूल टाकायला आठव्या इंडियन डिव्हिजनचे सॅपर (फौजेचे इंजिनियर) आणि कॅनेडियन फिटर एकत्र राबले, आणि त्या पुलावरून कॅनडाचे रणगाडे पलीकडं गेले ते कुणासाठी, तर रात्री होडीतून जाऊन काठाला चिकटून पडलेल्या पंजाबी, पठाण, गुरखा आणि स्कॉटिश पायदळासाठी. एकमेकांची भाषा येत नाही, जेवण वेगळं, देव वेगळा. आबांनी काडी हातात घेऊन स्वतः एकदा पूल टाकून बघितला. आबा एसटीत मेकॅनिक होते, त्यांना त्या रणगाड्याच्या इंजिनात पाणी शिरल्यावर काय होतं यावर पाच मिनिटं बोलायचं होतं, मी भाषांतर करून दमलो.

त्याच सकाळी याच काठावर ८ व्या पंजाब रेजिमेंटचा शिपाई कमल राम, राजस्थानातल्या करौलीकडचा, वय १९, पहिलीच लढाई. कंपनी चार मशीनगनच्या माऱ्यात अडकली, हा एकटा तारांखालून सरपटत गेला, दोन ठाणी स्वतः मारली, तिसरं एका हवालदाराला घेऊन मारलं. व्हिक्टोरिया क्रॉस (व्हीसी, ब्रिटिशांचं शौर्याचं सगळ्यात मोठं पदक) मिळाला, तो पुढं १९८२ पर्यंत जगला. गाईडला हे सगळं पाठ होतं. म्हणजे माहिती आहे, फक्त प्रोग्रॅममध्ये घालायची नाही. हे मला अजून कळलेलं नाही.

मराठा कुठं होते हा आबांचा प्रश्न. १/५ मराठा (म्हणजे ५ व्या मराठा रेजिमेंटची पहिली बटालियन) याच आठव्या डिव्हिजनमध्ये, २१ व्या ब्रिगेडमध्ये होती, सोबत रॉयल वेस्ट केंटचे इंग्रज आणि ३/१५ पंजाब. पहिल्या रात्री ही ब्रिगेड राखीव होती, पुढं आली ती नंतर. आबा म्हणाले, "म्हणून तात्या वाचला." आम्ही हसलो, गाईडला सांगितलं तर तो हसला नाही.

कॉमनवेल्थ दफनभूमी. गवत असं कापलेलं की बूट काढून चालावंसं वाटतं (काढू नका, ओलं होतं, सॉक्स गेले). ४,२७१ जण आहेत इथं. ब्रिटिश, कॅनेडियन, न्यूझीलंडचे, दक्षिण आफ्रिकेचे, भारतीय, आणि वर बघितलं की डोंगरावर तो पांढरा मठ थेट अंगावर. भिंतीत एक छोटं पितळी दार असतं, त्यात रजिस्टर ठेवलेलं. उघडलं आणि आबा तिथंच बसले. इंग्रजी अक्षरात आपल्याकडची गावं. कुणाचा मुलगा, कुणाचा नवरा, गाव अमुक, रत्नागिरी. गाव अमुक, सातारा. स्पेलिंग इंग्रज कारकुनानं ऐकून लिहिलेली, त्यामुळं मोठ्यानं वाचल्याशिवाय कळत नाहीत. आबा मोठ्यानं वाचत होते आणि शेजारी एक कॅनेडियन म्हातारं जोडपं स्वतःचं नाव शोधत थांबलं होतं, त्यांनी घाई केली नाही.

भारतीय भागात हिंदू सैनिकांच्या दगडावर वर देवनागरीत कोरलंय, ॐ भगवते नमः. इटलीत, सायप्रसच्या झाडांमध्ये. पोरीनं ते आधी बघितलं, "पप्पा, हे आपलं लिहिलंय." शेजारच्या ओळीत उर्दू-अरबी अक्षरं, पलीकडं गुरमुखी. ज्यांची कबर कुठं आहे माहीत नाही, त्यांची नावं मधल्या स्मारकावर. पाण्याचा लांब हौद, दोन्ही बाजूंना उंच दगडी फलक, चार हजारांहून जास्त नावं.

त्या फलकांवर मी एकच नाव शोधायचं ठरवून गेलो होतो. नाईक यशवंत घाडगे, रायगडातल्या माणगावजवळच्या पळसगावचे, ५ वी मराठा लाइट इन्फंट्री. ते कासिनोला पडले नाहीत, वर टायबर नदीच्या खोऱ्यात १० जुलै १९४४ ला पडले, वय २२. सेक्शनमधले सगळे एक तर मेले नाहीतर जखमी, हे एकटे मशीनगनवर धावले, ग्रेनेड, टॉमीगन, शेवटी मॅगझिन बदलायला वेळ नाही म्हणून बंदुकीच्या दस्त्यानं, आणि मग बाजूच्या स्नायपरनी त्यांना टिपलं. कबर नाही, म्हणून नाव इथं. इंडेक्समध्ये पॅनल नंबर बघितला, फलक सापडला, नाव सापडलं, पुढं व्हीसी ही दोन अक्षरं. आबांनी बोट फिरवलं त्यावरून. माणगावच्या पुतळ्यासमोरून आमची गाडी गोव्याला जाताना कितीवेळा गेलीय, मी एकदाही थांबलो नव्हतो, वडापावला थांबलोय.

(पेरुजियाजवळ मोन्तोने गावात २०२३ च्या जुलैत घाडग्यांच्या नावानं सूर्यघड्याळाचं स्मारक झालंय, आपण सगळे एकाच सूर्याखाली अशा अर्थाची ओळ त्यावर आहे. ते या टूरमध्ये येत नाही, लांब आहे. पुढच्या वेळी.)

व्हिजिटर बुकात कॅनेडियन बाईनं लिहिलं, मग आबांनी पेन मागितलं. मराठीत. नाव, गाव, ता. शिरोळ, जि. कोल्हापूर, आणि खाली "तात्यांच्या जोडीदारांना रामराम".

जेवण आटोपतं घेतो. टूरवाल्यांच्या ठरलेल्या हॉटेलात गेलो, पास्ता ठीक, बिल जड, पाण्याचे वेगळे पैसे. स्वतःचं खाणं न्या. आबांची भाकरी-चटणी गाईडनंपण खाल्ली आणि घाम पुसत "बोनो" म्हणाला.

मठ मात्र बघाच. साधू बेनेडिक्टनं सहाव्या शतकात, ५२९ च्या सुमारास स्थापन केलेला. १५ फेब्रुवारी १९४४ ला दोस्तांच्या विमानांनी उडवला, नंतर होता तसा परत बांधला, १९६४ ला पोपनं येऊन परत पवित्र केला. आत जर्मन सैनिक नव्हते, आसऱ्याला आलेली गावची माणसं होती आणि साधू होते. मठातली पुस्तकं आणि चित्रं आधीच १९४३ च्या शेवटी बाहेर काढून वाचवली ती एका जर्मन डिव्हिजनच्या श्लेगेल नावाच्या ऑस्ट्रियन अधिकाऱ्यानं पुढाकार घेऊन. आणि बॉम्ब टाका अशी मागणी कुठून निघाली, तर चौथ्या इंडियन डिव्हिजनचा कमांडर टकर याच्याकडून, वरच्यांच्या सहीनं. म्हणजे आपली पोरं त्या डोंगरावर चढवायची असतील तर आधी वरचं ठाणं फोडा असं त्याचं म्हणणं. आणि झालं उलटंच, ढिगाऱ्यात जर्मन पॅराट्रूपर येऊन बसले आणि त्यांना आयता किल्ला मिळाला. गाईडनं हे सांगितलं तेव्हा गाडीत सगळे गप्प. चांगला गाईड ओळखायचा तो इथं, त्यानं आम्ही भारतीय म्हणून ते गिळलं नाही.

मठाच्या खाली हँगमन्स हिल म्हणून एक टेकाड दाखवतात. मार्चमध्ये १/९ गुरखांची तुकडी तिथं पोचली आणि जवळपास नऊ दिवस अडकून पडली, सोबत थोडे राजपुताना रायफल्सचे आणि एसेक्सचे इंग्रज. पाणी, दारूगोळा विमानातून पॅराशूटनं, त्यातलं निम्मं घसरून जर्मनांकडं. मठ वर शंभरएक पावलांवर असल्यासारखा दिसतो तिथून. मागं या असा हुकूम आल्यावर ते रात्रीच्या अंधारात उतरले.

आणि मग पोलिश दफनभूमी. इथं मी कोल्हापूरचा म्हणून वेगळाच अडकलो. १८ मेच्या सकाळी त्या ढिगाऱ्यावर पहिला झेंडा लागला तो पोलंडच्या सैनिकांचा, जनरल अँडर्सची दुसरी कोअर (काही डिव्हिजन मिळून होणारी फौज). ही माणसं आली कुठून, तर रशियानं १९४० च्या आसपास उचलून सैबेरियात नेलेली, तिथून सुटून इराणमार्गे. आणि त्यांची बायकापोरं? त्यातली पाचेक हजार आमच्या कोल्हापूरशेजारी वळिवड्याच्या छावणीत, १९४३ ते १९४८. आज आपण गांधीनगरला स्वस्तात कापड घ्यायला जातो ना, तोच परिसर, पोलिश गेले आणि फाळणीनंतर सिंधी आले. तिथं शाळा होती, चर्च होतं, आणि कितीतरी जणींचे बाप, भाऊ, नवरे याच डोंगरावर लढत होते. म्हणजे मे महिन्यात इथं काय झालं त्याची पत्रं पंचगंगेच्या काठाला पोचली असणार. पोलंडच्या राजधानीत, वॉर्सातपण मोन्ते कासिनोच्या (म्हणजे याच लढाईच्या) स्मारकाजवळच वळिवडे-कोल्हापूरची आठवण लावलेली आहे, २०२४ च्या ऑगस्टमध्ये मोदी तिथं गेले होते तेव्हा बातम्यांत आलं होतं.

मी हे गाईडला सांगितलं. त्याला माहीत नव्हतं. त्यानं गाडी थांबवून डायरीत लिहून घेतलं, कोल्हापूरचं स्पेलिंग दोनदा विचारलं. हजारावर कबरी आहेत तिथं, क्रॉस आहेत, ज्यूंचे तारे आहेत, ऑर्थोडॉक्स आहेत. १९७० ला लंडनमध्ये वारलेल्या अँडर्सना इथंच आणून आपल्या पोरांमध्ये पुरलंय. लढाई जिंकूनही यातल्या बऱ्याच जणांना परत जायला घरच उरलं नाही, त्यांची गावं युद्धानंतर रशियाच्या हद्दीत गेली.

पोरगी एव्हाना कंटाळली होती, तिच्यासाठी वॉइतेक अस्वल. पोलिश तोफखान्याच्या सप्लाय कंपनीनं इराणमध्ये घेतलेलं पिल्लू, जहाजावर पाळीव प्राणी चालत नाहीत म्हणून रीतसर शिपाई म्हणून भरती, आणि कासिनोला गोळ्यांच्या पेट्या उचलायला. शेवटी एडिनबरोच्या झूमध्ये १९६३ ला गेलं. पुतळ्यासोबत फोटो भारी येतो.

जाता जाता कासिनोजवळच्या कैरा गावची जर्मन दफनभूमी, वीस हजारांवर माणसं, एकेका दगडावर अनेक नावं. वीस मिनिटंच मिळाली. आबा तिथंही प्रत्येक ओळीला थांबून वय वाचत होते, अठरा, एकोणीस, अठरा.

स्टार: माहितीला पाच, वेळ पाळण्याला दोन, जेवणाला दीड, छापील प्रोग्रॅमला शून्य. सरासरी बसत नाही तरी साडेतीन देतोय. कंपनीचा मेल आला परवा, म्हणतात इंडियन स्टॉप "विनंतीवरून उपलब्ध" असं वेबसाईटवर टाकतो. टाकलंय, सगळ्यात खाली, बारीक अक्षरात. तर बुकिंगच्या रिमार्कमध्ये स्वतः लिहा: गारी नदी, कॉमनवेल्थ दफनभूमी, घाडगे. आणि सॉक्सची एक जादा जोडी ठेवा.